खडूची खोली

कुणाचंही, कसलंही देणं लागत नाही असा एकच माणूस देवाने घडवला आणि तो पोलादपुरात ठेवून दिला. तो माणूस म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. पैशाचं सोडाच, शेजारणीने विरजणाची वाटी दिली तर दुसऱ्या दिवशी ती दह्याने काठोकाठ भरून परत जायला हवी असा त्यांचा दंडक होता. वाटी नुसती पाठवून ते थांबत नसत. स्वतः दारात उभे राहून, शेजारीण ती घेऊन आत जाईपर्यंत तिच्या तोंडाकडे बघत असत, जणू ती आता पावतीच देणार आहे. एकदा महाडजवळच्या नाते गावी लग्नाला गेले असताना पाऊस धरला, तेव्हा यजमानांनी त्यांच्या हातात छत्री कोंबली. आतोबा छत्री घेऊन घरी आले खरे, पण परक्याची छत्री कोपऱ्यात निथळत असताना त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते ती नाते गावी परत करून आले, आणि येताना छत्री नसल्यामुळे नखशिखांत भिजून आठवडाभर तापाने फणफणले. तापातही चेहऱ्यावर समाधान होतं. "ताप आपला हाय," ते म्हणाले, "कुणाचा आणलेला नाय."

एरवी ते शुद्ध बोलत. हायनाय फक्त तापात आणि तावात. ते हायस्कुलात चित्रकलेचे मास्तर होते. अर्धे डोळे मिटून चालायचे, आणि त्यांना दिसणारं जग तुमच्या-आमच्या जगापेक्षा जरा मऊ असावं असा मला लहानपणापासून संशय होता. वर्गात मुलांना फुलदाणी काढायला सांगून ते खिडकीपाशी जात आणि आंबेनळी घाटावर उतरलेल्या ढगाकडे बघत उभे राहत. तास संपल्याची घंटा झाली की दचकून म्हणत, "अरे, तुम्ही अजून इथेच?" कसली तरी मोठी गोष्ट आपली वाट बघते आहे, आपण फक्त स्वच्छ हातांनी तिच्यापर्यंत पोचायचं आहे, अशी त्यांची चाल होती. स्वच्छ हात म्हणजे बिनकर्जाचे हात. कर्जाबद्दल त्यांच्या कल्पना ठाम होत्या आणि त्यातली एकही त्यांनी कुठून शिकून घेतलेली नव्हती. कर्ज काढणारा माणूस हा आधी पत्ते खेळतो आणि मग कर्ज काढतो. हप्ता हा शब्द गुंडांचा, सभ्य घरात तो उच्चारू नये. बँकेत पेन्शन घ्यायला गेलं की कर्जाच्या टेबलाजवळून जाऊ नये, कारण नुसती चौकशी केली तरी नावापुढे काळी खूण पडते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी की ज्याने कधीच कर्ज घेतलं नाही त्याच्यासाठी बँक मनातल्या मनात पायघड्या घालून बसलेली असते. एक दिवस तो येईल आणि आपण त्याला हवं ते देऊ, म्हणून.

रोखीने घेण्याच्या या व्रतापायी त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू आपला जमाना संपल्यावर आली. तरुणपणी त्यांना टेपरेकॉर्डर हवा होता. त्यासाठी ते इतकी वर्षं पैसे साठवत राहिले, की एके दिवशी पुरी रक्कम खिशात घालून महाडच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने पोटमाळ्यावर शिडी लावली आणि धूळ झटकून शेवटचा नग खाली आणला. "मास्तर, ह्याच्या क्यासेटी कुठनं आणाल?" त्याने काळजीने विचारलं. आतोबांनी तो घेतलाच. पुढे कित्येक वर्षं तो कपाटावर मुकाट बसून होता आणि आत्या त्याच्यावर पापड वाळत घालायची.

आत्या वरंधची. वरंध घाटाच्या पायथ्याशी तिच्या माहेरच्या अंगणात उभं राहिलं की समोर दरी, दरीत ढग, आणि ढगातून वर चढत जाणारी रस्त्याची वळणं दिसत. पोलादपुरात ती ज्या घरात आली त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांची भिंत दिसायची, तीसुद्धा पाठची बाजू. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने नवऱ्याकडे एक गोष्ट मागितली. सोनं नव्हे, साडी नव्हे. "वर एक खोली बांदा," ती म्हणाली, "घाटाकडं खिडकी असलेली." आतोबा म्हणाले, "बांधू." आणि ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी शाळेतून खडूचे तुकडे आणले आणि गच्चीवर खोली आखली.

ती खोली मी पाहिलेली आहे. पाहिलेली म्हणजे तिच्यात बसून चहा प्यालेलो आहे. गच्चीच्या फरशीवर पांढऱ्या रेघांच्या चार भिंती होत्या, एका भिंतीत दाराची जागा सोडलेली होती, आणि घाटाच्या बाजूला खिडकीची रेघ निळ्या खडूने ओढलेली होती. संध्याकाळी नवरा-बायको तिथे सतरंजी टाकून बसत. महाडला नोकरी लागल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, पहिल्यांदाच गच्चीवर चढलो आणि सरळ त्यांच्यापाशी चालत गेलो, तेव्हा आतोबा कळवळून ओरडले, "अरे, भिंतीतून काय येतोस! दार तिकडे आहे." मी वळसा घालून दारातून आत गेलो. चपला बाहेर काढल्या. आत्या पदर तोंडाला लावून हसत होती, पण बसली होती मात्र बरोबर खिडकीपाशी, आणि गच्चीपलीकडचे डोंगर निळे होत होत जांभळे झाले तसा तिचा चेहराही कुठेतरी दूर गेल्यासारखा वाटला. मध्येच घाटातून एखादी गाडी दिवे लावून उतरायची. ती एका वळणावर दिसायची, मग नाहीशी व्हायची, मग खालच्या वळणावर पुन्हा उगवायची. "स्ट्रॉबेरीवाले असतील," आत्या म्हणायची. आतोबा म्हणायचे, "पर्यटक." त्यावर त्यांचं बराच वेळ चालायचं.

दर पावसाळ्यात खोली वाहून जाई आणि दिवाळीच्या आसपास आतोबा ती पुन्हा आखत. गंमत अशी की दरसाल ती थोडी मोठी व्हायची. एका वर्षी तिला कोनाडा आला, एका वर्षी पुस्तकांचं कपाट, एका वर्षी बाहेर सज्जा. पेन्शनीतून साठवलेले पैसेही वाढत होते, नाही असं नाही. पण सिमेंट, वाळू आणि गवंडी हे तिघं मिळून त्यांच्यापुढे सतत चार पावलं चालत. आतोबा पुरेशी रक्कम जमवून दर विचारायला जात, तोवर दर पुढच्या वळणावर गेलेला असे. कुणी म्हणालं, "मास्तर, निम्मे तुमचे घाला, निम्मं कर्ज काढा," तर ते त्या माणसाकडे असे बघत, जणू त्याने भिंतीतून यायला सांगितलं आहे. "घाई कसली?" ते म्हणत. "खोली तर आहेच."

घाई होती. ती आत्याच्या गुडघ्यांत होती. आत्या महिला बचत गटात मसाला करायची. खालच्या पडवीत कांडप मशीन होतं, आणि पावसाच्या आधी आख्ख्या पोलादपूरची मिरची तिच्याकडे यायची. दिवसभर उभं राहून तिचे गुडघे धरायला लागले. आधी ती गच्चीवर थांबत-थांबत यायला लागली, मग कठड्याला धरून, मग एक दिवस अर्ध्या जिन्यात बसूनच राहिली. मी त्या दिवशी तिथे होतो. आतोबा वरून हाका मारत होते, "अगो, ये की! आज धुकं उतरलंय!" आत्या अर्ध्या जिन्यातून शांतपणे म्हणाली, "मला चडता येतंय तवर बांदा. नायतर नुसती आखून ठेवा, मी खालनं इचारीन काय दिसतंय ते."

आतोबा खाली आले. तिच्या शेजारी पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "उद्या मला महाडला बँकेत घेऊन चल." एखाद्याने देवळात नेऊन सोडायला सांगावं तसा तो आवाज होता. त्यांच्या दृष्टीने तो दिवस उगवला होता, ज्याची बँक इतकी वर्षं वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, अशा थाटात आतोबा निघाले. आत्याही निघाली, महाडात एका गिऱ्हाइकाला मसाला द्यायचा होता. बँकेत कर्जाच्या टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. आतोबा त्यांच्यासमोर बसले आणि खाकरून म्हणाले, "मॅडम, मी आयुष्यात एक रुपयाचं कर्ज काढलेलं नाही." मग खुर्चीत मागे टेकून शाल-श्रीफळाची वाट बघत राहिले.

मॅडमनी कागद बघितले, त्यांची परवानगी घेतली आणि संगणकावर काहीतरी तपासलं. "काका, तुमचं काहीच दिसत नाही."

"बरोबर!" आतोबा खूश झाले. "दिसणारच नाही."

"तीच तर अडचण आहे."

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. मग मॅडमकडे. "अडचण? मी कुणाचं बुडवलंय का?"

"बुडवलं असतं तर वाईट नोंद दिसली असती. घेऊन वेळेवर फेडलं असतं तर चांगली दिसली असती. तुम्ही घेतलंच नाही, त्यामुळे तुम्ही फेडता कसे ते आम्हाला कळायला मार्ग नाही."

"अहो, पोलादपुरात कुणालाही विचारा की!"

"मला तुम्हाला बघूनच पटतंय, काका," मॅडम हसून म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या. "पण संगणकाला पोलादपूर माहीत नाही. पेन्शन आहे, तेव्हा मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. वेळ लागेल, आणि व्याज थोडं चढं पडेल, इतकंच."

आतोबांचा चेहरा पाहवत नव्हता. जन्मभर उपास करून देवळात जावं आणि पुजाऱ्याने विचारावं, तुम्ही कधी जेवलाच नाहीत तर तुम्हाला पचतं की नाही हे कसं कळणार, असा तो प्रकार होता. दबक्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता तुम्ही माझं नाव तपासलंत, म्हणजे काळी खूण पडली?"

"आपलं आपण कितीही वेळा बघा, काही होत नाही. बँकेने बघितलं तर किंचित फरक पडतो, तोही थोडे दिवस. दहा ठिकाणी एकदम अर्ज टाकत सुटू नका म्हणजे झालं." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणी आहे का, सहकर्जदार म्हणून?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "माजं बगा की."

आतोबा न वळताच म्हणाले, "तिचं काय बघणार? ती बँकेत येतसुद्धा नाही."

"कोण, मावशी?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मावशी तुमच्या घरच्या होय! अहो, या तर नेहमी येतात."

आणि मग मसाल्याची पिशवी मांडीवर धरून आत्याने जे सांगितलं ते आतोबांनी आणि मी सारखाच आ वासून ऐकलं. पहिलं कर्ज तिने गटातून घेतलं, मिरची भरायला. ते फिटल्यावर कांडप मशीनला, या बँकेतून, स्वतःच्या नावावर. "मशीन सरकारनं दिलंय ना?" आतोबा मध्येच म्हणाले. "सरकार कशाला देतंय वो," आत्या म्हणाली. ते फिटलं, मग मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाला घेतलं. तेही मसाल्यातून फेडलं. मुलगी आता पुण्याला नोकरी करत होती. "आंगाला झेपंल तेवडंच घेतलं," आत्या म्हणाली, "आनि ज्यातनं चार पैसं येतील त्यालाच घेतलं. सणाला नाय घेतलं कदी." मॅडमनी संगणक वळवून दाखवला. आत्याची पत, आकड्यात मांडलेली, उत्तम होती. आतोबा त्या आकड्याकडे बघत नव्हते. ते आत्याकडे बघत होते. रोज ज्या डोंगराकडे बघून चहा प्यायचा त्याच्यामागे आणखी एक डोंगर उभा आहे, हे एखाद्या स्वच्छ सकाळी कळावं, तसे.

आम्ही परतीच्या एसटीत बसलो. बाहेर सावित्री नदी मागे-मागे जात होती. आतोबा हळूच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी कर्जाच्या घरात झोपलो?"

"झोपलात ना?" आत्या म्हणाली. "चांगले घोरत व्हतात."

"सांगितलं का नाहीस गो?"

"सांगितलं असतं तर झोपला नसतात."

उतरताना आतोबांनी आत्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

कर्ज मंजूर झालं, दोघांच्या नावावर. आणि लंबक एका टोकाला जन्मभर अडकून राहिला की सुटल्यावर कुठे जातो ते मला पुढच्या दोन महिन्यांत बघायला मिळालं. मागितलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट मिळू शकेल असं बँकेने कळवलं होतं. आतोबांनी ते गावभर सांगितलं. बँकेने आपली किंमत ठरवली आहे, आणि ती चक्क दुप्पट निघाली आहे, अशी त्यांची समजूत झाली. ते खडू घेऊन गच्चीवर गेले. दुसरी खोली आखली गेली. गोल जिना आखला गेला. एका कोपऱ्यात कारंजं आखताना मी त्यांना पकडलं. त्यातच कुठूनतरी फोन आला, क्रेडिट कार्ड घ्या म्हणून. कार्ड आलं, आणि त्यावर आतोबांनी आत्यासाठी सागवानी झुलती खुर्ची घेतली. मला अभिमानाने म्हणाले, "किती सज्जन लोक आहेत बघ. पूर्ण बिल देऊ नका म्हणतात. किमान एवढंच भरा, पुरे!" मी त्यांना समजावलं की किमान भरलं तर फक्त दंड टळतो, उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहतं, आणि ते त्या गृहकर्जाच्या कितीतरी वरचं असतं. आतोबा पांढरे पडले. जाऊन त्याच दिवशी सगळे पैसे भरून आले, आणि कार्ड देवाच्या फोटोमागे ठेवून दिलं.

कारंज्याचा बंदोबस्त आत्याने केला. जिन्याच्या तळाशी उभं राहून तिने वर हाक मारली, "अहो, ते देतात म्हनून आपन घ्यायचं नसतं. फेडायला ते येनार नायत. एक खोली, एक खिडकी. बाकीचं पुसा."

आतोबांनी पुसलं. पायाने, हळूहळू, कारंजं सगळ्यात शेवटी.

खोली उभी राहिली. भिंती खऱ्या, वर पत्रा, घाटाकडे रुंद खिडकी. आणि हप्ता हा शब्द ज्यांच्या घरात उच्चारला जात नसे त्यांना हप्त्याचं वेड लागलं. तो खात्यातून आपोआप वळता होतो हे मॅडमनी पुन्हा-पुन्हा सांगितलं, तरी दर महिन्याला त्या दिवशी आतोबा इस्त्रीचा सदरा घालून महाडला जात, बाकावर बसत आणि विचारत, "गेला का?" मॅडम म्हणत, "गेला, काका." मग ते उठून मुलीला गाडीत बसवून परतणाऱ्या बापासारखे स्टँडकडे चालू लागत. मला भेटले की म्हणायचे, "अरे, कुणीतरी आपल्यावर विश्वास टाकलाय, हे दर महिन्याला आठवतं. वाईट नसतं रे ते."

दोन पावसाळे आत्या त्या खिडकीशी बसली. पत्र्यावर पाऊस वाजायचा, दरी ढगांनी भरायची, पोलादपूर आहे की नाही कळायचं नाही. त्या दोन पावसाळ्यांत मी तिला जितकं गाताना ऐकलं तितकं आधी कधी ऐकलं नव्हतं. वरंधची जात्यावरची गाणी, अर्धी विसरलेली. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी जिना बंद केला. ऑपरेशन करू म्हणून मुलगी मागे लागली आहे, पण आत्याचं हृदय अशक्त आहे, डॉक्टरच घाई नको म्हणतात.

परवा मी गेलो होतो. आत्या खाली पडवीत मिरच्यांचे देठ खुडत होती. आतोबा वर होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ऊन उतरत होतं, डोंगर नेहमीसारखे निळे व्हायला लागले होते. मी म्हटलं, "थोडेच हप्ते राहिले असतील ना आता?" त्यांनी मान हलवली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बँकेने व्याज तसं कमीच लावलं रे. मीच तुझ्या आत्याला जास्त लावलं. इतकी वर्षं."

घाटाच्या वरच्या वळणावर एक गाडी दिसली तसे ते उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि खाली वाकून ओरडले, "अगो, गाडी उतरतेय!"

खालून लगेच आवाज आला, "स्ट्रॉबेरीवाला आसंल."

आतोबांनी एकदा खिडकीकडे बघितलं. गाडी पर्यटकांची होती. टपावर बॅगा बांधलेल्या मला स्पष्ट दिसत होत्या.

"हो गो," ते म्हणाले, "स्ट्रॉबेरीवालाच आहे."